तुटीच्या खोऱ्यात ओलीत : शेतातलं पाणी वाचवायचं कसं आणि वाचलेलं राखायचं कसं

नदीचं खोरं तुटीत गेलं, म्हणजे मागणीला पाणी पुरेनासं झालं, की सगळीकडून एकच सल्ला येतो : सिंचनाची कार्यक्षमता वाढवा. पाट सोडा, पाइप टाका, ठिबक बसवा. सल्ला योग्य आहे, पण अर्धा आहे. शेतकऱ्याने प्रत्येक पाळीतलं पाणी कमी केलं आणि उरलेल्या पाण्यावर आणखी रान ओलिताखाली आणलं, तर त्याचं उत्पन्न वाढतं आणि खालच्या अंगाचा ओढा मात्र आधीपेक्षा लवकर आटतो. जगभरात नद्या आणि भूजलातून उचललेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला जातं. त्यामुळे तुटीच्या खोऱ्याचा प्रश्न शेतातच सुटणार आहे, यात शंका नाही. फक्त तो कोणत्या शेतात, कोणत्या पाण्याने आणि कोणाच्या वाट्याला जाऊन सुटतो, हे पाहिल्याशिवाय केलेला खर्च फुकट जाऊ शकतो. म्हणून खाली शेतातली कामं क्रमाने सांगितली आहेत, आणि त्यातून नदीला काय मिळतं तेही त्या-त्या ठिकाणी स्पष्ट केलं आहे.

आधी पाणी कुठे जातं ते ओळखा

शेतात सोडलेलं पाणी तीन वाटांनी जातं. काही पिकाच्या पानांतून आणि ओल्या मातीवरून वाफ होऊन उडतं. खोऱ्याच्या हिशेबातून ते गेलं. काही मुळांच्या खाली झिरपतं किंवा शेताच्या खालच्या टोकाने वाहून जातं आणि पुढे विहिरीत, ओढ्यात, नदीत परत उमटतं. आणि काही अशा जागी पोहोचतं जिथून ते पुन्हा वापरता येत नाही, म्हणजे खारं भूजल, चिबड जमीन किंवा समुद्र.

नेहमीच्या हिशेबात दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेचं सगळं पाणी ‘वाया’ धरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते खरंही आहे, कारण त्याने ते उपसलं आणि पिकाला मिळालं नाही. पण दुसऱ्या वाटेचं पाणी बहुतेक वेळा खालच्या कुणाच्या तरी विहिरीत जातं. ते थांबवलं म्हणजे खोऱ्यात नवं पाणी तयार झालं असं होत नाही. ते फक्त एका शेतातून दुसऱ्या शेतात हललं.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात हे स्पष्ट दिसलं. तिथे फिरत्या तुषार यंत्रांचे फवारे खाली, पिकाच्या जवळ आणले गेले. वाऱ्याने उडणारं पाणी कमी झालं, कार्यक्षमता वाढली. पण नंतरच्या अभ्यासात आढळलं की भूजलाचा उपसा घटण्याऐवजी वाढला, कारण शेतकरी जास्त पाणी पिणाऱ्या पिकांकडे वळले आणि भिजवलेलं क्षेत्रही थोडं वाढलं. शेतकऱ्यांनी काही गैर केलं नव्हतं. हाताशी पाणी उरलं तर ते वापरलं जाणारच. ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग खोऱ्यातही सरकारी पैशांतून शेतांवरची यंत्रणा सुधारली गेली, आणि बदल्यात वाचलेल्या पाण्याच्या हक्काचा काही भाग नदीसाठी घेतला गेला. तरीही पूर्वी शेतांतून नदीत परतणारं किती पाणी या सुधारणांमुळे आटलं, यावर तिथल्या अभ्यासकांमध्ये जोरदार वाद झाला.

याचा अर्थ शेतातली गळती रोखू नये असा मुळीच नाही. झिरपणाऱ्या पाण्याबरोबर नत्र वाहून जातं, उपशाची वीज जाते, भूजल नायट्रेटने दूषित होतं, आणि पाणी परत उमटेपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो. धरणात किंवा विहिरीत राहिलेलं पाणी हवं तेव्हा मिळतं, जमिनीखालून वाहणारं त्याच्या वेळेने येतं. म्हणून पहिलं काम कागदावरचं आहे. तुमच्या शेतातून झिरपणारं आणि वाहणारं पाणी कुठे जातं ते लिहून काढा. खाली गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत की खारवट पट्टा? ओढा बारमाही आहे की उन्हाळ्यात बाष्पीभवनात संपतो? पुढच्या प्रत्येक खर्चाचा क्रम या उत्तरावर ठरेल.

पाणी मोजा

ज्याचं माप नाही त्याची बचत सांगता येत नाही. तरी बहुतेक शेतांत पाणी तासांत मोजलं जातं : ‘आठ तास मोटर चालवली.’ आठ तासांत किती लिटर, हे ठाऊक नसतं. आणि विहिरीची पातळी खाली गेली की त्याच आठ तासांतलं पाणी कमी होतं.

पंपाच्या तोंडाशी पाणी लहान धारेने येत असेल तर २० लिटरची बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ पुरतं. बादली ४ सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला ५ लिटर. तीन वेळा मोजून सरासरी घ्या. हंगामाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी पुन्हा मोजा.

पाटातल्या प्रवाहासाठी पत्र्यात ९० अंशांची व्ही आकाराची खाच कापा आणि पत्रा पाटात आडवा, पातळीत बसवा. खाचेच्या तळाच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, पण खाचेवर नाही. तिथे पाणी खाली ओढलं जातं. त्या उंचीच्या साधारण चौपट अंतर वरच्या बाजूला जाऊन मोजा. उंची ८ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे २.५ लिटर, १० ला ४.४, १२ ला ६.९ आणि १५ ला १२ लिटर. पत्र्याच्या खालच्या बाजूला पाणी मोकळं पडलं पाहिजे. खालचं पाणी फुगून खाचेपर्यंत आलं तर हे आकडे लागू होत नाहीत.

यापुढचा सगळा हिशेब मिलिमीटरमध्ये करा, कारण पाऊस आणि बाष्पीभवनही त्याच मापात येतात. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, म्हणजेच १०,००० लिटर. सेकंदाला ६.९ लिटरचा प्रवाह एका हेक्टरवर सोडला तर तासाला जवळपास २.५ मिलिमीटर पाणी पडतं. हा एक आकडा प्रत्येकाने आपल्या पंपासाठी काढून मोटरच्या स्टार्टर पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा.

जमिनीत किती मावतं ते पाहा

एका पाळीत किती पाणी द्यायचं हे जमीन ठरवते. मावतं त्याहून जास्त दिलं तर ते खाली जातं. वाळूसर जमीन मीटरभर खोलीत पिकाला उपयोगी असं साधारण ६० मिलिमीटर पाणी धरते, पोयट्याची १४० च्या आसपास, भारी चिकण जमीन १८० किंवा त्याहून थोडं जास्त. मुरमाड जमिनीत दगडगोट्यांचा भाग वजा करावा लागतो.

पीक भरात असताना खड्डा घ्या आणि मुळं कुठवर गेली आहेत ते डोळ्यांनी पाहा. पुस्तकात मुळं मीटरभर लिहिलेली असतात, आणि शेतात नांगराच्या तळाशी घट्ट झालेला थर लागून ती ३० सेंटिमीटरवर आडवी पसरलेली सापडतात. तसं असेल तर पाण्याच्या नियोजनाआधी तो थर फोडणं महत्त्वाचं.

आता हिशेब. पोयट्याची जमीन, मुळांची खोली ६० सेंटिमीटर : साठा ८४ मिलिमीटर. हा सगळा साठा पीक सहज ओढू शकत नाही. मका, गहू यांच्यासारखी पिकं साधारण अर्धा साठा संपेपर्यंत ताण दाखवत नाहीत, कापूस त्याहूनही जास्त सोसतो, कांदा मात्र ३० टक्के संपताच मागे पडू लागतो. अर्धा धरला तर ४२ मिलिमीटर ही तुमची पाळी. पाटाने देताना ६० टक्के पाणी मुळांत राहतं असं मानलं तर सोडावं लागणारं पाणी ७० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ७०० घनमीटर. वरच्या ६.९ लिटरच्या प्रवाहाने त्याला २८ तास लागतील. तुम्ही आत्ता किती तास देता, ते शेजारी लिहा. दोन आकड्यांतला फरक पाहूनच पुष्कळांच्या पाळ्या बदलतात.

पाळी कधी द्यायची

दिवस मोजून पाणी देण्याची सवय कालव्याच्या आवर्तनातून आली. स्वतःची विहीर किंवा शेततळं असूनही ती सुटत नाही, आणि माझ्या मते सर्वांत स्वस्त बचत इथेच पडून आहे. पिकाची रोजची गरज हवेवर आणि वयावर चालते. जवळच्या हवामान केंद्राच्या बाष्पीभवन पात्राचा आकडा मिळत असेल तर त्याला ०.७ ने गुणा. मग पिकाच्या वयाच्या गुणांकाने गुणा. उगवणीनंतर हा गुणांक ०.३ च्या आसपास असतो, रान पूर्ण झाकल्यावर मका-गव्हासाठी १.१५ ते १.२, आणि पक्वतेकडे पुन्हा उतरतो. पात्रातून ८ मिलिमीटर उडालं तर भरातल्या गव्हाची त्या दिवसाची गरज साधारण ६.४ मिलिमीटर. ४२ मिलिमीटरचा साठा सहा-सात दिवस पुरेल. तोच गहू लहान असताना, तीच हवा धरली तर, रोजची गरज दोन मिलिमीटरच्याही आत असते; फक्त तेव्हा मुळंही उथळ असतात, म्हणून पाळी लहान ठेवायची.

वही ठेवा. रोज गरज वजा करा. पाऊस आणि पाणी मिळवा. पाऊस मिळवताना जमिनीत जेवढा मावेल तेवढाच धरा. ६० मिलिमीटरचा पाऊस पडला आणि जागा २० मिलिमीटरचीच होती, तर २० च लिहायचे.

वहीवर आंधळा विश्वास ठेवू नका. आठवड्यातून एकदा गिरमिटाने मुळांच्या निम्म्या खोलीवरची माती काढून मुठीत दाबा. पोयट्याचा गोळा होऊन बोटाने दाबल्यावर फुटत असेल तर वाफसा आहे, पाण्याची घाई नाही. गोळाच धरत नसेल तर पाळी लांबली. ज्यांना उपकरण परवडतं त्यांनी टेन्शिओमीटर, म्हणजे माती पाणी किती घट्ट धरून आहे ते सेंटिबारमध्ये दाखवणारी नळी, लावावा; माती जितकी कोरडी तितका आकडा मोठा. वाळूसर जमिनीत १५ ते २५ सेंटिबारवर पाणी द्यावं लागतं, पोयट्यात ३० ते ५० वर. एक नळी मुळांच्या मध्यावर आणि दुसरी मुळांच्या तळाशी बसवली तर दुसरीचा उपयोग जास्त होतो : पाणी दिल्यावर खालचा काटा शून्याकडे धावला, तर तुम्ही मुळांखाली पाणी घालवत आहात.

पाटाने भिजवत असाल तर

पाटपाण्याला नावं ठेवण्याची पद्धत पडली आहे. नीट आखलेली सरी चांगलं काम करते, आणि ज्याला आज ठिबक शक्य नाही त्याला ‘आधी ठिबक आणा’ सांगून काही उपयोग नाही.

सरीची मूळ अडचण अशी की वरच्या टोकाला पाणी खूप वेळ उभं राहतं आणि खालच्या टोकाला थोडा वेळ. त्यामुळे वर खोल झिरपतं, खाली कोरडं राहतं. यावर एक जुना, भरवशाचा नियम आहे. पाळीइतकं पाणी मुरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या चौथ्या हिश्श्यात पाणी सरीच्या शेवटी पोहोचलं पाहिजे. ४२ मिलिमीटर मुरायला चार तास लागत असतील तर पाणी तासाभरात टोकाला. पोहोचत नसेल तर एका वेळी कमी सऱ्या धरून प्रत्येकीत धार वाढवा, किंवा सरीची लांबी कमी करा. धार इतकी वाढवू नका की माती वाहू लागेल. पाणी टोकाला पोहोचल्यावर धार निम्मी करा, म्हणजे खालून वाहून जाणारं पाणी आवरतं. ते तरीही जात असेल तर खाली छोटा खड्डा काढून तेच पाणी पुढच्या सरीला उचला.

दारं धरणाऱ्या माणसाच्या हाती फावड्याबरोबर काड्या द्या. सरीत दर २० मीटरवर काडी रोवा आणि पाणी कुठल्या काडीला किती वाजता पोहोचलं ते लिहा. एका पाळीच्या अशा नोंदीवरून कोणत्या सरीत खड्डा आहे, कुठे चढ आहे हे कळतं. मग सपाटीकरण कुठे करायचं ते ठरतं. सिंधू-गंगेच्या मैदानात लेझरने सपाट केलेल्या भात-गव्हाच्या शेतांत सोडावं लागणारं पाणी २० ते २५ टक्क्यांनी घटल्याचं वारंवार दिसलं आहे. पण लेझर चालवण्याआधी वरच्या मातीची खोली तपासा. उथळ जमिनीत सपाटीच्या नादात सुपीक थर खरवडला गेला तर ते नुकसान अनेक हंगाम भोगावं लागतं.

आणखी दोन युक्त्या करून पाहण्यासारख्या आहेत. एक, सरीआड सरी भिजवणं : या पाळीला एक, पुढच्या पाळीला तिच्या शेजारची. भारी जमिनीत पाणी आडवं चांगलं पसरतं, तिथे हे जमतं. वाळूसर रानात जमत नाही. दुसरी, पाणी सलग न सोडता थांबत-थांबत सोडणं. पहिल्या लाटेने सरीचा तळ ओला होऊन बसतो, दुसरी लाट त्यावरून झपाट्याने पुढे सरकते. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या विद्यापीठात ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाली. स्वयंचलित झडप नसली तरी दोन संचांत आलटूनपालटून पाणी फिरवून हाताने ती करता येते, विशेषतः नांगरटीनंतरच्या पहिल्या पाळीला. तेव्हाच सर्वांत जास्त पाणी झिरपतं.

भातासाठी वेगळी वाट आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रुजवलेली ओलं-सुकं आलटूनपालटून ठेवण्याची पद्धत ३० सेंटिमीटर लांबीच्या छिद्रांच्या नळीवर चालते. नळी मातीत रोवायची आणि आतल्या पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेली की पुन्हा भरायचं. फुलोऱ्याच्या काळात मात्र पाणी उभं ठेवायचं. दिलेल्या पाण्यात ३० टक्क्यांपर्यंत बचत होते आणि चिखलातून निघणारा मिथेनही घटतो. बचतीतला बराच भाग झिरपण्यातला असतो, हे विसरू नका.

ठिबक असेल तर त्याची परीक्षा घ्या

ठिबक बसवलं म्हणजे कार्यक्षमता ९० टक्के, हे गृहीत धरून अनेक जण निश्चिंत होतात. तो आकडा नव्या, नीट आखलेल्या, रोज निगा राखलेल्या संचाचा आहे.

परीक्षा सोपी आहे. एका झडपेखालच्या चार लॅटरल, म्हणजे तोट्या बसवलेल्या नळ्या, निवडा : पहिली, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशांवरची आणि शेवटची. प्रत्येकीवर तशाच चार जागा घ्या. सोळा तोट्यांखाली प्रत्येकी तीन मिनिटं पाणी धरा. मिलिलिटरच्या आकड्याला ५० ने भागलं की ताशी लिटर मिळतात. आता सर्वांत कमी आलेल्या चार तोट्यांची सरासरी काढा आणि तिला सगळ्या सोळांच्या सरासरीने भागा. उत्तर ०.९ च्या वर असेल तर संच उत्तम, ०.८ ते ०.९ चांगला, ०.७ च्या खाली असेल तर दुरुस्ती झाल्याशिवाय पाण्याचं कोणतंही वेळापत्रक बसणार नाही. समजा सरासरी ३.२ लिटर आली आणि कमजोर चौथ्या हिश्श्याची २.४. भागाकार ०.७५. या कमजोर झाडांना पुरेसं मिळावं म्हणून शेतकरी नकळत सगळ्या शेताला एक तृतीयांश जास्त पाणी देतो.

दोष कुठे आहे ते आकडेच सांगतात. लॅटरलच्या सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी असेल तर दाबाचा प्रश्न आहे : नळी फार लांब किंवा एका वेळी फार झडपा उघड्या. साध्या तोटीत दाब २० टक्क्यांनी घटला तर प्रवाह सुमारे १० टक्क्यांनी घटतो. कमी-जास्त तोट्या कुठेही विखुरलेल्या असतील तर चोंदणं.

चोंदण्यावर उपाय फिल्टरपासून सुरू होतात. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबमापक हवाच. दोन्हींतला फरक दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास गेला की धुवायचं, वार पाहून नाही. लॅटरलची टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा, एका वेळी चार-पाचच, म्हणजे वेग राहील. क्षार बसले असतील तर आम्ल प्रक्रिया. शेवाळ, चिकटा असेल तर क्लोरीन, आणि शेवटच्या तोटीला मोकळं क्लोरीन एक ते दोन पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) मिळेल इतपत. आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंदिस्त फिल्टरघरात तो जीव घेऊ शकतो. पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी नाही.

तुषार सिंचनाबद्दल थोडकंच. वारा पडलेला असताना, शक्यतो रात्री किंवा पहाटे चालवा, नोझल झिजले की बदला, आणि आकाराने वेगवेगळे नोझल एका लाइनवर ठेवू नका.

खऱ्या बचतीची कामं

आता त्या पाण्याकडे येऊ जे वाफ होऊन खरोखर खोऱ्याबाहेर जातं. त्याचे दोन भाग आहेत : पानांतून जाणारं आणि मातीवरून उडणारं. पानांतून जाणाऱ्या पाण्याचं पिकाच्या वाढीशी जवळपास सरळ नातं आहे. जास्त वाढ म्हणजे जास्त पाणी. म्हणून ‘अर्ध्या पाण्यात दुप्पट उत्पन्न’ अशी जाहिरात वाचली की विचारा, अर्धं पाणी उपसलं की अर्धं उडालं? पहिलं शक्य आहे, दुसरं नाही.

मातीवरून उडणारं पाणी मात्र कुणाच्याच कामाचं नाही. ते रोखण्याला मी सर्वांत वरचं स्थान देईन. पीक लहान असताना उघडं रान वारंवार भिजवलं की पाण्याचा मोठा वाटा मातीतूनच उडतो. या काळात थोडं-थोडं रोज देण्यापेक्षा मुळांना झेपेल तितकं अंतर ठेवून द्या. पाचट, भुसा, धसकटं रानातच आच्छादन म्हणून ठेवा. दोन ओळींत लांब अंतर असलेल्या फळबागेत ठिबकने निम्मं रान कोरडं राहतं, तिथे ठिबकची बचत खरी असते. रान पूर्ण झाकणाऱ्या दाट पिकात ती पुष्कळदा झिरपण्याची बचत असते. तण हेही पाणी पिणारं पीकच आहे. पाळीच्या आधी खुरपणी झाली तर ते पाणी पिकाला मिळतं.

यानंतर पीक आणि वेळ. तेच पीक कडक उन्हाळ्यात घेतलं तर पाणी जास्त उडतं, थंड हंगामात कमी. लवकर येणारं वाण दहा-पंधरा दिवस आधी निघालं तर शेवटच्या दोन पाळ्या वाचतात. बारमाही, जास्त पाण्याची पिकं तुटीच्या खोऱ्यात किती क्षेत्रावर परवडतात, हा प्रश्न कोणत्याही नळीने सुटत नाही. तो क्षेत्राचाच प्रश्न आहे आणि तो तसाच मांडायला हवा.

पाणी पुरणारच नसेल तर सगळीकडे थोडं-थोडं तोडू नका. प्रत्येक पिकाची नाजूक वेळ असते. गव्हाला पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, मक्याला तुरा आणि कणसाला केस येतात, हरभऱ्याला फुलं येऊन घाटे भरतात. या वेळांचं पाणी राखून ठेवा आणि आधीचा किंवा नंतरचा ताण सोसू द्या. दोनच पाळ्यांचं पाणी असेल तर त्या कोणत्या, हे पेरणीच्या दिवशीच ठरवा. त्याहून कमी असेल तर क्षेत्र कमी करा. अर्धपोटी ठेवलेल्या सगळ्या रानापेक्षा नीट भिजवलेलं निम्मं रान बहुतेक वेळा जास्त देतं, आणि बियाणं, खत, मजुरी निम्मी लागते.

क्षारांचा हिशेब सोडू नका

पाणी मोजूनमापून देऊ लागलं की एक नवा धोका येतो. प्रत्येक पाळीबरोबर क्षार येतात, पाणी उडतं आणि क्षार राहतात. पूर्वी जास्तीचं पाणी ते धुऊन नेत असे. आता धुण्यासाठी मुद्दाम थोडं पाणी द्यावं लागतं. त्याचा अंदाज असा : पाण्याची क्षारता घ्या, पिकाला सोसवेल त्या जमिनीच्या क्षारतेची पाचपट करून त्यातून पाण्याची क्षारता वजा करा, पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. पाणी १ डेसिसायमन प्रति मीटर (क्षारता मोजण्याचं एकक), मक्याची मर्यादा १.७ : पाचपट ८.५, वजा १, उरले ७.५. उत्तर सुमारे १३ टक्के. पाऊस पुरेसा असेल तर हे काम पाऊसच करतो. नसेल तर हे १३ टक्के वाया गेलेले समजू नका. भारी जमिनीत निचऱ्याची सोय नसताना क्षार धुवायला गेलात तर पाणीपातळीच वर येईल, म्हणून आधी चर काढा.

वाचलेलं पाणी गावाने आणि खोऱ्याने राखायचं

एकट्या शेतकऱ्याने वाचवलेलं पाणी विहिरीत राहिलं तर शेजारची खोल बोअर ते ओढेल. नदीकाठच्या विहिरी तर नदीचंच पाणी ओढत असतात, फक्त ते लगेच दिसत नाही. त्यामुळे शेतातली पायरी पूर्ण झाल्यावर सामूहिक पायरी टाळता येत नाही.

कॅन्ससच्याच वायव्य भागात शेरिडन परिसरातल्या शेतकऱ्यांनी ही पायरी स्वतःहून घेतली. २०१३ पासून पाच वर्षांसाठी त्यांनी मर्यादा ठरवली : पाच वर्षांत मिळून ५५ इंच, म्हणजे सुमारे १,४०० मिलिमीटर. एखाद्या कोरड्या वर्षी जास्त वापरा, पुढे कमी करा, पण एकूण तेवढंच. उद्दिष्ट २० टक्के कपातीचं होतं, प्रत्यक्ष घट त्याहून जास्त झाली. मर्यादा आल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी पाळ्यांचं नियोजन सुधारलं आणि काही क्षेत्र मक्याकडून ज्वारीसारख्या कमी पाण्याच्या पिकांकडे वळवलं. हेच तंत्र मर्यादेशिवाय उपसा वाढवतं आणि मर्यादेसह तो घटवतं.

चीनची पिवळी नदी १९९७ साली खालच्या भागात २२६ दिवस कोरडी होती. १९९९ पासून संपूर्ण नदीचं पाणीवाटप एका यंत्रणेखाली आणून प्रांतांचे वाटे सक्तीने पाळले जाऊ लागले, त्यानंतर नदी पुन्हा समुद्रापर्यंत वाहू लागली. हिवरे बाजारमध्ये शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आहे, पावसाळ्यानंतर उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून पुढचं पीक ठरतं. आकार वेगळे, पण तिन्ही ठिकाणी आधी ‘एकूण इतकंच’ ठरलं आहे.

तुमच्या पाणीवापर गटाने पावसाळा संपताच चार आकडे मांडावेत : विहिरींची पातळी, साठवणीतलं पाणी, पिण्यासाठी आणि नदीसाठी बाजूला काढायचं पाणी, आणि उरलेल्यात मिलिमीटरच्या हिशेबाने किती हेक्टर बसतात. ठिबकसाठी अनुदान किंवा कर्ज मिळत असेल तर त्याच ठरावात लिहून घ्या की ओलिताखालचं क्षेत्र वाढणार नाही, आणि वाढवायचं असेल तर गटाची संमती लागेल. सौरपंपांसाठी हे आणखी तातडीचं आहे. विजेचं बिल नाही म्हणजे थांबण्याचं कारणही नाही. तिथे उरलेली वीज विकण्याची सोय असेल तर शेतकऱ्याला पंप बंद ठेवण्यातही उत्पन्न मिळतं. गुजरातमधल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये सौर सिंचनकर्त्यांची सहकारी संस्था याच विचाराने उभी राहिली.

हे सगळं एका हंगामात होणार नाही, आणि करूही नये. पहिल्या हंगामात फक्त मोजा : प्रवाह, पाळीचे तास, मुळांची खोली, सोळा तोट्या किंवा काड्यांच्या वेळा. सवयीप्रमाणेच पाणी द्या, नोंद मात्र चुकवू नका. दुसऱ्या हंगामात रानाच्या अर्ध्या भागावर वहीप्रमाणे पाळी द्या आणि अर्ध्यावर जुन्या पद्धतीने; दोन्हीकडचं उत्पन्न वेगळं तोला. तिसऱ्या हंगामात पैसे खर्च करा, आणि तेही जिथे आकड्यांनी दोष दाखवला तिथेच. दर हंगामाच्या शेवटी तीन ओळी लिहा : किती घनमीटर उपसलं, किती हेक्टर भिजवले, आणि पुढचा पाऊस सुरू होण्याआधी विहिरीत किती मीटर पाणी उरलं. गटातल्या सगळ्यांच्या या तिसऱ्या ओळी एकाच तक्त्यावर लावा. उपसा घटल्याचं सगळे सांगत असतील आणि तिसरी ओळ दरवर्षी खाली जात असेल, तर पुढच्या बैठकीत तंत्राचा विषय बाजूला ठेवून आधी क्षेत्राचा घ्या.